नीतिमानांची पंगत

लूककृत शुभवर्तमानातल्या दाखल्यात जकातदारासोबत मंदिरात प्रार्थनेला गेलेला परूशी आपल्या उपदेशांत फार स्वस्तात सुटतो. तो ढोंगी होता, गर्विष्ठ होता, लोकांना दाखवायला प्रार्थना करत होता. जकातदार बिचारा नम्र होता. तेव्हा बंधुभगिनींनो, नम्र व्हा. वीस मिनिटांत विषय संपतो आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला जातो. या वाचनानुसार स्वनीतिमत्त्व म्हणजे स्वभावातला एक दोष. थोडी घमेंड, थोडा देखावा, आणि त्यावर औषध म्हणून थोडी नम्रता. मला हे निदान उथळ वाटते, आणि औषध तर धोक्याचेच वाटते.

माझे म्हणणे असे आहे. स्वनीतिमत्त्व ही देवाशी आणि माणसांशी असलेल्या नात्याचा हिशेब ठेवण्याची एक रीत आहे. ती वाढते खऱ्या, कष्टाने कमावलेल्या चांगुलपणावर. म्हणून मनात कितीही डोकावले तरी ती सापडत नाही. तिथे आपल्याला आपला चांगुलपणाच दिसतो. ती सापडते पंगतीत. आपण कोणाशेजारी बसायला तयार आहोत, कोणाच्या हातचे घ्यायला तयार आहोत आणि कोण आत आल्यावर आपण ताटावरून उठतो, यात. येशूवर पुन्हा पुन्हा आलेला एक आरोपही पंगतीचाच आहे: हा जकातदारांबरोबर जेवतो.

१. परूशी खरे बोलत होता

दाखल्यातल्या परूश्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी असल्याचे येशू म्हणत नाही. हा माणूस आठवड्यातून दोनदा उपास करी. नियमशास्त्राने सक्तीचा उपास वर्षातून एकच सांगितला होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. मिळकतीचा दशमांश तो काटछाट न करता देई. जकातदाराबद्दलचे त्याचे मतही फारसे चुकीचे नव्हते. रोमी अमलातला जकातदार ठरलेल्यापेक्षा जास्त उकळून घर भरणारा म्हणून बदनाम होता, आणि ही बदनामी उगाच झालेली नव्हती. आज हे दोघे आपल्या चाळीत राहत असते तर गावी जाताना घराची किल्ली आपण परूश्याकडेच ठेवली असती.

परूश्यांची चळवळ मुख्यतः पुरोहितवर्गाबाहेरच्या लोकांची होती. हेरोदाच्या काळात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक होती असे योसेफस हा इतिहासकार सांगतो. मंदिरातले पावित्र्य घरातल्या ताटापर्यंत आणायचे, रोजचे जेवणही देवासमोरचे कृत्य मानायचे, हा त्यांचा ध्यास होता. ध्यास थोर होता, आणि म्हणूनच पंगतीचा प्रश्न त्यांच्याच बाबतीत इतका तीव्र झाला. ख्रिस्ती लोकांनी पुढे त्यांच्या नावाची शिवी केली आणि शतकानुशतके ती यहुदी माणसाला दिली. तसे करताना दाखला मात्र हातातून निसटला.

निसटला तोही किती लवकर! ख्रिस्ती मंडळ्यांच्या रीतीभाती सांगणारे ‘दिदाखे’ नावाचे एक अगदी जुने पुस्तक आहे. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे मानतात. त्यात विश्वासणाऱ्यांना बजावले आहे की उपास ढोंग्यांबरोबर करू नका; ते सोमवारी आणि गुरुवारी करतात, तेव्हा तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. उपास आठवड्याला दोनच राहिले. वार बदलले आणि ढोंगी कोण ते ठरून गेले.

२. आभारप्रदर्शनातली मेख

परूशी आपल्या प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानून करतो. हे आपण वाचतो आणि पुढे जातो. पण ते शब्द नीट ऐकले पाहिजेत, कारण त्यात तो आपल्या चांगुलपणाचे श्रेय देवालाच देतो. मी असा आहे तो देवामुळे आहे, हे त्याला ठाऊक आहे. कोणत्याही बायबल स्कूलच्या परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

म्हणजे कृपेचा सिद्धांत तोंडपाठ असणे हा या आजारावर उपाय नाही. आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींना हे पचायला जड जाते. कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरणे ही शिकवण म्हणजे जणू या रोगाची लस, ती लहानपणीच टोचून झालेली, आणि रोग काय तो कॅथलिकांना होतो, असा आमचा एक सुप्त समज असतो. वस्तुस्थिती अशी की १५४७ साली कॅथलिकांच्याच ट्रेंटच्या धर्मसभेने काढलेल्या ठरावातला पहिलाच नियम, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याला शाप देतो. दोन्ही बाजूंमध्ये खरे मतभेद आहेत, पण कृपा हवी की नको हा त्यांतला मतभेद नाही. उलट, कृपेबद्दल सर्वांत खोलवर लिहिणाऱ्या मार्टिन ल्यूथरनेच १५४३ साली यहुद्यांविरुद्ध असे पुस्तक लिहिले की त्यात त्यांची सभास्थाने जाळण्याचा सल्ला आहे. कृपेचा सिद्धांतही बिल्ल्यासारखा छातीवर लावता येतो. मग तो बिल्ला नसलेला प्रत्येक जण जकातदार.

हे घडते कसे, ते पायरीपायरीने पाहू. पहिली पायरी निर्दोष आहे: माणूस खरोखर काही चांगले करतो. दारू सोडतो, टेबलाखालून पैसे घेत नाही, पहाटे उठून शास्त्र वाचतो. यात कष्ट असतात, आणि कष्टाची नोंद राहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. दुसरी पायरी मापाची. या नोंदीला किंमत द्यायची तर काहीतरी माप लागते. देवाचे माप लावले तर कोणाचीच बेरीज जमत नाही, म्हणून माप म्हणून शेजारचा माणूस घेतला जातो. तिसऱ्या पायरीवर तो शेजारी आवश्यक होऊन बसतो. माझे नीतिमत्त्व त्याच्या पापावर टेकलेले असते. तो सुधारला तर माझा भाव उतरतो.

दुसऱ्याचे पतन आपल्याला आवश्यक होणे, हे या पापाचे गाभ्यातले लक्षण आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ पाहा. तो शेतातून राबून आलेला आहे आणि त्याची तक्रार हिशेबाला चोख आहे: इतकी वर्षे चाकरी, एकदाही आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा मिळाले नाही. बापाशी बोलताना धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही. हा तुझा मुलगा, असे म्हणतो. धाकटा दूरदेशी डुकरे राखत होता तोवर थोरल्याची काहीच तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती धाकटा घरी आल्यावर, ताटे मांडल्यावर.

३. न दुखणारे पाप

बाकीच्या पापांना आपापली शिक्षा जोडलेली असते. दारुड्याचे यकृत बोलते, व्यभिचाऱ्याला फोन वाजला की धडकी भरते, चोराला झोप लागत नाही. या दुखण्यांतून कधीतरी माणूस वैद्याकडे वळतो. स्वनीतिमत्त्व दुखत नाही. उलट त्याला मोबदला मिळतो: मान, पंचकमिटीतली जागा, लग्नाच्या स्थळांत वजन. ज्याला मोबदला मिळतो त्याला रोग कोण म्हणेल? निरोग्यांना वैद्याची गरज नसते, हे येशूचे म्हणणे बहुतेक वेळा पाप्यांना दिलेला दिलासा म्हणून सांगितले जाते. नीतिमानांसाठी ती भयंकर बातमी आहे.

दुसरी गोष्ट आणखी बिकट. हे पाप आपल्यावरचे औषधच खाऊन वाढते. नम्रता सांगावी तर नम्रतेचाही हिशेब ठेवता येतो, आणि तो परूश्याच्या हिशेबापेक्षा अवघड परीक्षेतला असल्यामुळे त्याची किंमतही जास्त. पापांगीकार सांगावा तर त्याचेही प्रदर्शन होते. आपल्या साक्षींचेच पाहा. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत भाऊ उभे राहतात आणि पूर्वी आपण कसे होतो ते सांगतात: पत्ते, मारामाऱ्या, बायकोचे दागिने गहाण. तपशील भरगच्च असतो, आणि सगळी क्रियापदे भूतकाळातली. मग एका विशिष्ट तारखेनंतर पाप संपते आणि आशीर्वाद सुरू होतात. या साक्षी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. अनेक अगदी खऱ्या असतात आणि त्यांनी घरे सावरली आहेत. पण जकातदार वर्तमानकाळात बोलत होता. गेल्या आठवड्यात मी धाकट्या भावाच्या वाटणीबद्दल खोटे बोललो, असे सांगणारी साक्ष किती सभांमध्ये ऐकून घेतली जाईल?

पंडिता रमाबाईंची साक्ष म्हणूनच मला वेगळी वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. एवढी विद्या, एवढा त्याग, एवढे लोकापवाद सोसलेले. आणि १९०७ साली आपल्या आध्यात्मिक प्रवासाबद्दल लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. ही उणीव त्यांनी आपल्या हिंदू आयुष्याच्या खात्यावर टाकली नाही. ती ख्रिस्ती आयुष्याच्या, सेवाकार्य ऐन भरात असलेल्या वर्षांच्या खात्यावर टाकली. आपला बाप्तिस्मा झालेला काळच तपासायला घेणारी साक्ष दुर्मिळ असते.

४. उभे राहिलेले बिशप

एका माणसातले हे पाप ओळखणे कठीण. ते अख्ख्या मंडळीत पसरले की काय होते ते पाहायचे असेल तर चौथ्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेकडे जावे लागते.

३०३ सालच्या फेब्रुवारीत डायोक्लेशन बादशहाचा हुकूम निघाला: ख्रिस्ती मंदिरे पाडा, शास्त्रग्रंथ जाळा. आफ्रिकेत शिपाई दारात आले तेव्हा काही बिशपांनी ग्रंथ देऊन टाकले, काही मेले पण दिले नाहीत, आणि कार्थेजच्या बिशपाने म्हणे शास्त्राऐवजी पाखंड्यांची पुस्तके त्यांच्या हातावर ठेवली. छळ ओसरल्यावर प्रश्न आला की ज्यांनी ग्रंथ दिले त्यांचे काय करायचे. ३११ च्या सुमारास कार्थेजला सिसिलियन नावाचा नवा बिशप झाला. त्याला दीक्षा देणाऱ्यांपैकी अप्टुंगाचा फेलिक्स हा ग्रंथ देणारा होता असा आरोप झाला, आणि नुमिदिया प्रांतातल्या सुमारे सत्तर बिशपांनी ठरवले की डागाळलेल्या हाताने दिलेली दीक्षा दीक्षाच नव्हे. त्यांनी आपला वेगळा बिशप निवडला, आणि त्याच्यानंतर आलेल्या डोनेटसच्या नावाने ही फळी ओळखली जाऊ लागली. सिसिलियनशी संबंध ठेवणारी जगभरची मंडळी त्यांच्या लेखी अशुद्ध झाली. तिकडून कोणी आला तर ते त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत. फेलिक्सची पुढे सरकारी चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. त्याने काही फरक पडला नाही.

डोनेटसपंथी वाईट लोक होते असे समजू नये. त्यांच्यात खरे रक्तसाक्षी होते. त्यांच्यावर सरकारी फौजा गेल्या. रोमी जमीनदारांखाली पिचलेल्या खेड्यांत त्यांना मोठा आधार होता. चांगुलपणा खरा होता, किंमत खरी मोजलेली होती. त्याच किमतीच्या जोरावर त्यांनी एक खतावणी उघडली, आणि शंभर वर्षे ती मिटता येईना.

त्या खतावणीचे पहिले पान मात्र विलक्षण आहे. ज्या नुमिदियन बिशपांनी पुढे सिसिलियनला दोषी ठरवले त्यांच्यापैकीच काही जण सुमारे ३०५ साली सिर्ता गावी एका दीक्षेसाठी जमले होते. त्या बैठकीचे टिपण डोनेटसपंथीयांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बिशप ऑगस्टिनच्या पक्षाने पुढे आणले. विरोधकांनी ते अस्सल मानले नाही, इतिहासकार मात्र सहसा मानतात. वडीलकीने अध्यक्ष असलेला सेकुंडस एकेकाला विचारू लागला की ग्रंथ तुम्ही दिलेत का. एकेक जण कबूल होऊ लागला, सबबी सांगू लागला. शेवटी एकाने उलटून विचारले, आणि तुम्ही हो? शिपायांच्या तावडीतून तुम्ही सुटलात कसे? तेव्हा सेकुंडसाने ठरवले की हे प्रकरण आता देवावर सोपवावे, आणि सगळे शांतपणे बसले. म्हणजे पंगत त्यांना जमत होती. आपापसांत.

पुढे ४११ साली जूनमध्ये सम्राटाच्या हुकमावरून कार्थेजला दोन्ही पक्षांची परिषद भरली. मिळून पाचशेहून अधिक बिशप शहरात आले होते. अध्यक्ष मार्सेलिनस नावाचा सरकारी अधिकारी. लघुलेखक शब्दन्‌शब्द टिपत होते. डोनेटसपंथीयांनी पहिला दिवस हजेरीत घालवला: समोरच्या पक्षातर्फे सही केलेला प्रत्येक बिशप आमच्यासमोर उभा करा. मार्सेलिनसने त्यांना बसण्याची विनंती केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. दुष्टांच्या संगतीत आपण बसलो नाही असे स्तोत्रकर्ता म्हणतो, हा त्यांचा आधार. ते बसेनात म्हणून मार्सेलिनसही बसला नाही. कुरघोडीत तरबेज असलेल्या ऑगस्टिनने नंतर दाखवून दिले की त्याच स्तोत्रात दुष्टांबरोबर आत जाणार नाही असेही आहे, आणि तुम्ही आत तर आलात.

या प्रसंगात स्वनीतिमत्त्वाची सगळी शरीररचना दिसते. समोरच्यांचे म्हणणे ऐकायला ते तयार होते, वादाला तयार होते, मरायलाही तयार होते. बसायला तयार नव्हते. मंदिरातला परूशीही उभाच होता, एकटा. थोरला भाऊ दाराबाहेर उभा होता. आणि अंत्युखियात याकोबाकडची माणसे आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून बाजूला सरू लागला तेव्हा पौलाने त्याला चारचौघांत धारेवर धरले. पेत्राची शिकवण बिघडलेली नव्हती. त्याचे पाट बदलले होते, आणि पौलाला तेवढे पुरे होते.

५. ऑगस्टिनची पाळी

शेतात गहू आणि निदण कापणीपर्यंत बरोबर वाढतात, संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या पावित्र्यावर तो अवलंबून नसतो, हा ऑगस्टिनचा युक्तिवाद मला आजही अभेद्य वाटतो. पण युक्तिवाद बरोबर असणे हाही एक हिशेबच ठरू शकतो. सुरुवातीला धर्माच्या बाबतीत सक्ती नको म्हणणारा ऑगस्टिन ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात सक्तीचे समर्थन करताना दिसतो. आधार कोणता, तर मेजवानीच्या दाखल्यातला: रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आणा. आग्रहाचा अर्थ त्याने फौजदारी केला. परिषदेचा निकाल डोनेटसपंथीयांविरुद्ध गेला आणि ४१२ च्या जानेवारीत फर्मान निघाले: हुद्द्यानुसार सोन्याचा दंड, आणि जमिनीवर राबणाऱ्या कुळांना फटके. एका बाजूने पंगतीला बसायचे नाकारले, दुसरीने मानगूट धरून बसवले. दोघांनाही पंगत आपल्या मालकीची वाटत होती.

६. आपल्या ताटांकडे

हे सगळे दूरचे वाटत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याचे जे वर्णन त्यात आहे त्यात घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नाही. ते घर ब्राह्मणाचे होते आणि ते सोवळे जातीचे होते. बाप्तिस्म्याने ते सुटते असे आपण मानतो. लक्ष्मीबाईंचे सुटले, आणि तेही बाप्तिस्म्याच्या आधी, स्वतःशी झगडून. सगळ्यांचे सुटले का? गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारीच्या, म्हणजे चर्चमधल्या बंधुमंडळाच्या, मानावरून, चर्चच्या सणात कोणी काय परिधान करायचे यावरून जातीजातींत झालेले वाद सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत मुलीचे लग्न ठरवताना मूळ जात विचारली जाते, फक्त आवाज खाली घेऊन.

पण जातीचे सोवळे ओळखायला सोपे. माझी जास्त काळजी दुसऱ्या सोवळ्याची आहे, जे जात सोडल्याचा अभिमान बाळगत येते. आपला तो विश्वासी आणि बाकीचे नामधारी. आपली उपासना आत्म्याने भरलेली आणि शेजारच्या चर्चची मेलेली. जुन्या मंडळीतून आलेल्या माणसाला पुन्हा बाप्तिस्मा देताना काही ठिकाणी जो विजयी सूर लागतो, त्यात मला नुमिदिया ऐकू येते. बालबाप्तिस्मा योग्य की प्रौढपणी बुडवून, हा प्रामाणिक आणि जुना वाद आहे. त्यात मी पडत नाही. मी सुराबद्दल बोलतो आहे. आणि हाच सूर आम्हा जुन्या मंडळीतल्यांचाही असतो. शेडमध्ये टाळ्या वाजवणारे ते लोक, असे म्हणताना आमच्या कपाळावर जी आठी पडते ती काही सिद्धांताची नसते.

७. आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप पौलाच्याच हातचा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की भाऊ म्हणवणारा माणूस जारकर्मी, लोभी किंवा दारूबाज असेल तर त्याच्याबरोबर जेवूही नका. मग पंगत हे माप कसे? अंत्युखियात पंगत सोडल्याबद्दल पेत्राला झापणारा पौल करिंथात पंगत सोडायला सांगतो.

उत्तर त्याच अध्यायात आहे. पौल स्पष्ट करतो की हे बाहेरच्यांबद्दल नाही; तसे पाहिले तर जगातूनच निघून जावे लागेल. शिस्त लावायची ती आपल्या पंगतीत आधीच बसलेल्याला, आणि तीही त्याचा आत्मा तरावा म्हणून. दुसऱ्या पत्रात तो शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर दुःखाने तो बुडून जाईल. माणूस तोच की दुसरा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रीत मात्र दिसते. शिस्तीत पाटावरची जागा रिकामी ठेवलेली असते, त्याच्या परतण्यासाठी. सोवळ्यात ती जागा पुसून घेतलेली असते. फरक ओळखायचा असेल तर तो परत आल्यावर आपल्या तोंडावर काय उमटते ते बघावे.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आणि जास्त कळीचा. स्वनीतिमत्त्वाला इतके घाबरलो तर अन्यायाविरुद्ध बोलणार कोण? दोष काढू नका, हे वाक्य मंडळ्यांत नेमके कोण वापरते ते आपण पाहतो. हिशेब मागितला की ट्रस्टी वापरतात. मुलीने तक्रार केली की तिलाच ऐकवले जाते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा नीट लावून पाहावा असे वाटते. २००२ साली अमेरिकेत बॉस्टनच्या धर्मप्रांतात मुलांवरचे धर्मगुरूंचे अत्याचार आणि ते दडपल्याचे प्रकार उजेडात आले. डिसेंबरात तिथल्या कार्डिनल लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. वर्षानुवर्षे दोषी धर्मगुरूंच्या बदल्या होत राहिल्या, कशासाठी? चर्चच्या नावासाठी. संस्थेला आपली पाटी स्वच्छ हवी होती आणि त्या पाटीवर मुले डाग ठरत होती. दडपणूक हे संस्थेचे स्वनीतिमत्त्व आहे. तक्रार करणारी मुलगी परूशी नसते. तिच्या तोंडावर हात ठेवून मंडळीची अब्रू राखणारी कमिटी असते. आणि जिच्यावर अत्याचार झाला तिने अत्याचाऱ्याशेजारी बसावे असे पंगतीच्या नावाने मागण्याचा हक्क कोणालाही नाही. पंगत यजमानाची असते, दबावाची नसते; ऑगस्टिनचे प्रकरण त्यासाठीच सांगितले.

तिसरा आक्षेप नेहमीचा: कृपेवर इतका भर दिला की लोक ढिले पडतात. यावर जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफरने १९३७ साली स्वस्त कृपेबद्दल, म्हणजे किंमत न मोजता घेतलेल्या कृपेबद्दल, जे लिहिले त्यात मी काय भर घालणार? एवढेच नोंदवतो की ढिलेपणाला घाबरून हिशेब कडक केल्याने ढिले लोक सुधारल्याचे इतिहासात फारसे दिसत नाही. हिशेब ठेवणारे मात्र वाढतात.

८. घेणारे हात

मग करायचे काय? नम्र व्हा, हे सांगणे मी आधीच बाद केले आहे. येशूच्या वागण्यातली एक गोष्ट मात्र मला वाटेची खूण वाटते. तो पाप्यांना देतो एवढेच नाही. तो त्यांच्याकडून घेतो. शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. जकातदार जक्कयाला सांगतो की आज मी तुझ्या घरी उतरणार. शिमोन परूश्याच्या घरी जेवताना गावात बदनाम असलेल्या बाईच्या हातून पाय धुऊन घेतो, आणि यजमानाला दाखवतो की तू मला पाणीसुद्धा दिले नाहीस. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि वर असलेल्या हाताने उपकार करणे परूश्यालाही जमते. आपल्या मंडळ्या ते दर नाताळाला ब्लँकेटे वाटून करतात. ज्याला आपण खालचा, चुकलेला, पाखंडी समजतो त्याच्याकडून काही घ्यावे लागणे, शिकावे लागणे, त्याच्या उपकारात राहणे, इथे खतावणी अडते. तिथे जमा कोणाची आणि नावे कोणाचे, तेच कळेनासे होते.

संस्थेला हे जमेल का? एकदा जमण्याच्या अगदी जवळ आले होते, आणि तेही त्याच कार्थेजच्या परिषदेच्या तोंडावर. ऑगस्टिनच्या पक्षातल्या बिशपांनी लेखी देऊ केले की आपण हरलो तर आपली आसने सोडू. आणि जिंकलो तर परत येणाऱ्या डोनेटसपंथी बिशपाला त्याच्या पदासकट शेजारी बसवून घेऊ. एका गावात दोन बिशप लोकांना चालणार नसतील तर दोघेही पायउतार होऊ आणि लोक तिसरा निवडतील. पुढच्या दंडांनी आणि फटक्यांनी या प्रस्तावावर बोळा फिरवला, हे खरे. पण ज्या सभेत तो ठरला तिथे जवळजवळ तीनशे बिशप होते आणि पसंत न पडलेले फक्त दोनच निघाले, असे ऑगस्टिन सांगतो. एक होता वयोवृद्ध, त्याने आपली नापसंती उघड बोलून दाखवली. दुसरा काही बोलला नाही, पण ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. सगळ्यांनी समजूत घातल्यावर म्हाताऱ्याने मत बदलले आणि दुसऱ्याने चेहरा बदलला. त्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटतो; आसन सोडणे आपल्याला जड जाते, हे तो निदान तोंडाने बोलला.